आबा, तिखट लागतं!

हे वाक्य मी जवळजवळ वर्षभर रोज सकाळी ऐकले आणि रोज सकाळी खोडून काढले. "तिखट कुठे आहे रे? गोड आहे. जाहिरातीतली मुलं बघ कशी हसत घासतात." नातू सहा वर्षांचा. त्याला जाहिरातीतल्या मुलांशी काही देणेघेणे नव्हते. तो ओठ घट्ट मिटून, दोन्ही हात पाठीमागे घेऊन भिंतीला टेकून उभा राही.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे घरातली कोणती खाती येतात हे अनुभवी वाचकांना सांगायला नको. वीजबिल, गॅसचा नंबर, दळण आणि नातवंडांची आन्हिके. शाळेची गाडी सव्वासातला कोपऱ्यावर येते. सून डबा भरत असते, मुलाची वेगळीच घाई. त्यामुळे नातवाचे दात घासून देणे हे माझ्या खात्यावर जमा झाले. छत्तीस वर्षे रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर अशा शाखांतून माणसे हाताळली, तेव्हा एका सहा वर्षांच्या पोराचे काय एवढे, असा माझा हिशेब होता.

एका सकाळी गाडीचा हॉर्न वाजला तरी दात घासायचेच होते. मी डाव्या हाताने त्याचा जबडा धरला. बैलाला नळीने औषध पाजताना धरतात तसा. उजव्या हाताने ब्रश आत घातला आणि भराभर फिरवला. तो रडला नाही. त्याला उलटी झाली, प्यालेले सगळे दूध बाहेर पडले आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यात सात कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत लहान मुलांची पात्रेही आहेत आणि त्यांच्या मनाची म्हणून पानेच्या पाने मी भरली आहेत. ती नजर मात्र मला कधी लिहिता आली नव्हती. त्यानंतर बरेच दिवस मी भांग पाडायला कंगवा घेऊन जवळ गेलो तरी तो आधी तोंड मिटून घेई.

घरात दोन पक्ष पडले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, "पडणारच आहेत ते दुधाचे दात, कशाला पोराचा जीव घेता?" माझे म्हणणे शिस्तीचे. पक्ष दोन होते, पण नातू सांगतो आहे ते खरे असू शकेल असे दोघांपैकी कोणीही म्हणत नव्हते. दोन्ही पक्षांच्या लेखी ते नाटकच होते. फरक इतकाच, की तिला ते नाटक चालवून घ्यायचे होते आणि मला बंद पाडायचे होते.

दिवाळीनंतर त्याची दाढ ठणकू लागली. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई. त्यांनी आरशाची काडी आत घालून पाहिले आणि खालच्या दोन दुधाच्या दाढा किडल्याचे सांगितले. सौभाग्यवतींचा चेहरा "मी म्हटलं नव्हतं?" असा झाला, म्हणजे पडणाऱ्याच त्या. तेव्हा बाईंनी समजावले, ते प्रत्येक आजी-आजोबाने ऐकावे असे आहे. दुधाचे दात वीस. त्यांतले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. इतकी वर्षे मुलाने त्यांनीच चावायचे असते आणि खालून येणाऱ्या दातांची जागाही त्यांनीच राखायची असते. आणि खरी गोम पुढे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, आणखी एक दाढ निमूटपणे उगवते. ती कायमची. जन्मभर पुरायची. कोणता दात पडलेला नसल्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि सर्वांत जास्त हेळसांड तिचीच होते. आमच्या नातवाची ती दाढ नुकतीच हिरडीतून डोके वर काढत होती, किडलेल्या दाढेला खेटून.

"घासू देत नाही का?" बाईंनी विचारले.

"तिखट लागतं म्हणतो. नाटकं, दुसरं काय!"

"काका, ते नाटक आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

मी गप्प. त्यांनी मला एक गृहपाठ दिला. रात्री घरची पेस्ट बोटभर घ्यायची, नुसती जिभेवर ठेवायची आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचे. घासायचे नाही, थुंकायचे नाही, पाणी घ्यायचे नाही.

मी ते केले. वीस सेकंदांनी जिभेच्या कडा चरचरू लागल्या. चाळीस सेकंदांनी डोळ्यांत पाणी आले, आणि मिनिट पुरे होण्याआधी मी बेसिनकडे धावलो. चाळीस वर्षांची सुपारी, चहा आणि वऱ्हाडी ठेच्याने निबर झालेली माझी जीभ, तिची ही गत. मग सहा वर्षांच्या कोवळ्या जिभेचे काय होत असेल?

त्या रात्री मला रिसोडचा एक म्हातारा शेतकरी आठवला. पासबुकात अकरा रुपये कमी आहेत म्हणून तो तीन बाजारांच्या दिवशी काउंटरवर येऊन उभा राहिला होता. आम्ही त्याला प्रत्येक वेळी "बाबा, तुमचाच हिशेब चुकला असेल" म्हणून वाटेला लावले. चौथ्या खेपेला मी लेजर उघडले. अकरा रुपये दुसऱ्याच्या खात्यावर गेले होते. त्या दिवसापासून नव्याने शाखेत येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सांगत आलो, की आधी लेजर उघडा, मग गिऱ्हाइकाला खोटे ठरवा. घरात मात्र वर्षभर मी लेजर उघडले नाही.

मग थोडे वाचले, थोडे विचारले. पेस्टमधला गारवा मेंथॉलचा, म्हणजे पुदिन्याच्या एका जातीच्या अर्काचा. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला या मेंथ्याची शेतेच्या शेते असतात आणि हा अर्क काढण्यात आपला देश जगात पुढे आहे. आता गंमत पाहा. तिखट ही जिभेची चव नव्हेच. गोड, आंबट, खारट, कडू यांची जाणीव चवीच्या कळ्यांना होते. मिरचीचा जाळ मात्र उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना कळतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९७ साली मिरचीतल्या द्रव्याच्या मदतीने उष्णता ओळखणारा ग्राहक शोधून काढला. पुढे २००२ साली त्याने, आणि स्वतंत्रपणे आर्डेम पॅटापूटियन यांनीही, मेंथॉल वापरून थंडी ओळखणारा ग्राहक शोधला. २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना तापमान आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरील कामासाठी मिळाले. म्हणजे मिरची आणि मेंथॉल ही एकाच वाड्यातली बिऱ्हाडे. थोडे असले तर गार, जास्त झाले की झोंबणारे. मोठी माणसे त्याला ताजेपणा म्हणतात. नातू त्याला तिखट म्हणत होता, आणि नोबेल समितीने त्याचीच बाजू घेतली असती असे मला वाटते.

फेसाचीही अशीच कथा. पेस्टला फेस यावा म्हणून साबणासारखे एक द्रव्य घालतात. दात घासल्यावर लगेच संत्रे खाल्ले तर ते कडू लागते, हा अनुभव नागपूरच्या संत्र्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला नवा नाही. ती करामत बहुतांशी या द्रव्याची. ते जिभेवरची गोडाची जाणीव काही वेळ मंदावते आणि कडूची वाढवते. कडू चव तर मुलांना मोठ्यांपेक्षा जास्तच जाणवते. काही मुलांना चव, वास, स्पर्श, आवाज सगळेच इतरांहून तीव्र जाणवते. स्वमग्न मुलांमध्ये हे बरेचदा दिसते, पण तसे काही नसलेल्या मुलांमध्येही असते. अशा मुलाला शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठीसुद्धा काट्यासारखी टोचते. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो.

पण झोंबले म्हणजेच स्वच्छ झाले, ही समजूत आपल्यात आली कुठून? माझ्या लहानपणी, वाशिम अकोला जिल्ह्यात होते तेव्हा (आपला जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी), आमच्या घरी गोवरीची राखुंडी असे. शेतावर गेले की बाभळीची नाही तर कडुनिंबाची काडी. माझी आजी मिश्री लावायची. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास अजून नाकात आहे. कोणा पोराची दाढ दुखली की आजी चिमूटभर मिश्री त्या दाढेवर दाबायची आणि म्हणायची, "झोंबलं म्हंजे किडा मेला." किडा मरत नसे. दाढ बधिर होई आणि पोराला तंबाखूची पहिली ओळख होई. पुढे तंबाखूची मंजने रीतसर डब्यांतून विकली जात. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू वापरण्यावर बंदी आणली. उत्पादक न्यायालयात गेले आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. आजीला यातले काही माहीत नव्हते. ती वाईट बाई नव्हती. झोंबण्यावर तिची श्रद्धा होती, तशीच माझीही होती. ती मिश्री लावायची, मी पेस्ट, एवढेच.

मग पेस्टा आल्या. खेड्यात पेस्ट या वस्तूचे नावच कोलगेट. दुकानात "कोलगेट द्या" म्हणायचे आणि मग कोणत्या कंपनीचे ते सांगायचे. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे इवलेसे प्राणी निघत. माझ्याकडे एक पाणघोडा आणि दोन हत्ती होते. दात मी त्या हत्तींसाठी घासले, हे आज कबूल करायला हरकत नाही. नागपुरात किराणा दुकान चालवलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी मुंबईला जाऊन १९५२ साली विको सुरू केली आणि वज्रदंती घराघरांत गेली. प्रत्येक मंजनाचा स्वाद मोठ्यांच्या जिभेला धरून होता. तुरट तरी, कडू तरी, नाही तर गार. मुलांनी सवय करून घ्यायची.

आपले प्राचीन वैद्य याबाबतीत आमच्याहून समंजस निघाले. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात दातवणाच्या काड्या चवीप्रमाणे सांगितल्या आहेत. कडूंमध्ये निंब उत्तम, तुरटांमध्ये खैर, तिखटांमध्ये करंज आणि गोडांमध्ये मधूक म्हणजे आपला मोह. ऋतू, प्रकृती, रस पाहून काडी निवडावी असे तिथे सांगितले आहे. करंज ऋषींचे नाव सांगणारे कारंजा इथून जवळच आहे. तिथल्या एका वैद्यमित्राने मला हे दाखवले तेव्हा मी चाटच पडलो. कडुनिंबाचे गोडवे आपण पिढ्यान् पिढ्या गातो, पण ज्याला कडू सोसवत नाही त्याच्यासाठी शेजारीच गोड काडी ठेवली होती, तिचे नावही आपल्या कानावर नाही.

तर आता वाशिमच्या बाजारात गोड काडी शोधणे आले. पाटणी चौकापासून सुरुवात केली. किराणा दुकानांत लहान पुड्या आणि ट्यूबा टांगलेल्या, सगळ्या झणझणीत. जितकी जास्त झोंबेल तितकी चांगली खपते, असे एका दुकानदाराने अभिमानाने सांगितले. औषधाच्या दुकानातला ओळखीचा गृहस्थ हसला. "साहेब, पोरायले काय समजते? दोन दिवस रडन, तिसऱ्या दिवशी आपोआप घासन." मी त्याला मिनिटभराचा गृहपाठ सांगितला. तो म्हणाला, "उद्या पाहू." अजून त्याने पाहिलेले नाही.

मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या पेस्टा आणल्या. स्ट्रॉबेरी, बबलगम, खोक्यावर कार्टून. नातवाने स्ट्रॉबेरीची ट्यूब उघडून वास घेतला आणि दूर सरकवली. जी मुले वासालाही कावरीबावरी होतात त्यांना हा गोळ्या-चॉकलेटचा उग्र गोडवा पुदिन्याइतकाच नकोसा होतो. ज्यांना आवडतो त्यांची तऱ्हा वेगळीच, ती पेस्ट चाटून गिळतात. म्हणजे दुकानात एक तर मिरची, नाही तर मिठाई. वरणभात कुठेच नाही.

वरणभात सापडला तो होमिओपॅथीच्या दुकानात. त्यांच्या औषधांना पुदिना चालत नाही असे ती मंडळी मानतात, म्हणून त्यांच्याकडे पुदिन्याशिवायच्या पेस्टा असतात, कुठे बडीशेपेच्या चवीच्या. त्या औषधोपचाराबद्दल माझे मत इथे सांगत बसत नाही, पण त्यांच्या पथ्याचा नातवाला उपयोग झाला. बडीशेप त्याला जेवणानंतर आवडते. ट्यूब घेऊन मी आधी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि मलाही वाचायला लावली. यात फ्लोराइड आहे का, हे पाहायचे. दात किडण्यापासून वाचवते ते फ्लोराइड आणि ब्रशचे फिरणे. गारव्याचा, फेसाचा, झोंबण्याचा त्यात वाटा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्या कायद्याने पेस्टमध्ये फ्लोराइड दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा जास्त नसावे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापलेले असावे. सौम्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टांत फ्लोराइड असते, काहींत मुळीच नसते. सौम्य चव मिळाली म्हणून हुरळून जायचे आणि हेच पाहायचे विसरायचे, अशी चूक माझ्याकडून होता होता राहिली.

मात्रा किती? तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती विकण्यासाठी, घासण्यासाठी नव्हे. आणखी एक. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला विहिरी आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि ते जादा झाले की दातांवर डाग पडतात. अशा गावातल्या माणसाने डॉक्टरांना विचारूनच मुलांची पेस्ट ठरवावी.

बाईंनी क्रम सांगितला तोही उलटा होता. पहिले दहा दिवस पेस्टच नाही. मऊ ब्रश आणि साधे पाणी. ब्रश त्याच्या हातात, मी फक्त मागच्या दाढांपुरता. दातांवरचा थर पाण्यानेही बराच निघतो. मग पेस्टचा तांदूळ, तोही ब्रशमध्ये दाबून बसवलेला, म्हणजे जिभेला एकदम लागत नाही. त्याने हात वर केला की मी थांबायचे, ही अट. पहिल्या दिवशी त्याने सात वेळा हात वर केला. मी खरेच थांबतो का, हे तो तपासत होता. मी सातही वेळा थांबलो. गाडी चुकली आणि त्या दिवशी मी त्याला स्कूटरवर सोडले. तोवर दवाखान्यात फ्लोराइडचा लेप दातांवर लावून घेतला होता, सहा-सहा महिन्यांनी तो पुन्हा लावायचा आहे. किडलेल्या दाढा बुजवल्या. नवी दाढ सध्या तरी शाबूत आहे.

मला सोय होती. निवृत्तिवेतन आहे, वेळ आहे, दवाखाना गावात आहे. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरच्या आईकडे यातले काय आहे? तिच्या दुकानात एकच झणझणीत पुडी, तिचे पोर ओठ मिटते आणि ती एक तर धपाटा घालते नाही तर सोडून देते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. त्यांच्या यादीत दातांची कीड आहे, स्वमग्नताही आहे. त्या तपासणीत एक प्रश्न वाढवायला कितीसा खर्च येईल? "बाळा, पेस्ट झोंबते का?" एवढाच. आणि पेस्ट बनवणाऱ्यांनी शंभर गारव्यांबरोबर एखादी बिनचवीची, फ्लोराइडची, लहान पुडीतली पेस्ट काढावी. ती फार खपणार नाही हे मला कळते. पण बँकेने आम्हाला तोट्यातल्या शाखाही चालवायला लावल्या होत्या आणि आम्ही त्या चालवल्या.

गेल्या रविवारी नातू म्हणाला, "आबा, आज तुम्ही माझी पेस्ट घ्या." त्याने स्वतः माझ्या ब्रशवर तांदळाएवढी पेस्ट लावली, जास्त झाली तेव्हा बोटाने काढून घेतली. आम्ही दोघांनी बेसिनसमोर शेजारी उभे राहून दात घासले. त्याने विचारले, "तिखट लागलं?" मी म्हटले, "अजिबात नाही." तो खूश होऊन गेला. मला मात्र दिवसभर तोंड धुतल्यासारखेच वाटेना. शेवटी दुपारी, तो झोपल्यावर, मी माझी जुनी ट्यूब काढून पुन्हा एकदा घासून घेतले.